छेदात कोणाला धरायचे?

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजात नाव घालणाऱ्यांपैकी किती जण शिक्षण पुरे करतात, हा प्रश्न साध्या शेकडेवारीचा वाटतो. ती शेकडेवारी काढायची कशी, यावर मात्र गेली तीसेक वर्षे वाद चालू आहे, आणि आज मी त्याविषयीच बोलणार आहे.

ही सरकारी महाविद्यालये 1901 साली इलिनॉयमधल्या जोलिएट येथे सुरू झालेल्या संस्थेपासूनची. शालेय शिक्षण झालेल्या जवळजवळ कोणालाही तिथे प्रवेश मिळतो आणि शुल्क विद्यापीठांच्या मानाने कमी असते. कोणी साधारण 60 क्रेडिटची (क्रेडिट म्हणजे अभ्यास मोजण्याचे एकक) दोन वर्षांची पदवी घेतो, कोणी एखाद्या व्यवसायाचे प्रमाणपत्र घेतो, तर कोणी वर्षभर शिकून चार वर्षांच्या विद्यापीठात जातो. निम्म्याहून अधिक विद्यार्थी अर्धवेळ शिकतात, कारण त्यांना नोकरी असते आणि पुष्कळांना मुलेबाळेही असतात.

महाविद्यालयांनी पदवीपूर्तीचे प्रमाण जाहीर करावे, असा संघराज्याचा कायदा 1990 साली झाला. हेतू चांगलाच होता. पण मोजणीत धरायचे ते फक्त आयुष्यात प्रथमच महाविद्यालयात आलेले आणि तेही पूर्णवेळ शिकणारे विद्यार्थी, आणि त्यांना मुदत अभ्यासक्रमाच्या दीडपट, म्हणजे दोन वर्षांच्या पदवीला तीन वर्षे. चार वर्षे वसतिगृहात राहून शिकणाऱ्या तरुणांना हे माप ठीक बसते. आता समजा, रुग्णालयात नोकरी करणारी तिशीतली स्त्री दर सत्राला सहा क्रेडिट घेते. वर्षातली दोन सत्रे धरली, तर एकदाही नापास न होता तिला पदवीला पाच वर्षे लागतील. आणि मुळात ती अर्धवेळ असल्यामुळे या हिशेबात तिची गणनाच नाही. पदवी न घेता वर्षभराने विद्यापीठात गेलेला मुलगा छेदात असतो, अंशात नसतो. त्याची नोंद स्थलांतराच्या वेगळ्या आकड्यात होते, आणि लोकांच्या तोंडी राहतो तो पदव्यांचाच आकडा.

2008 च्या उच्च शिक्षण कायद्यानुसार नेमलेल्या समितीने 2011 मध्ये या उणिवा मांडल्या. पुढे 2015-16 पासून अर्धवेळ विद्यार्थी आणि दुसऱ्या संस्थेतून आलेले विद्यार्थीही मोजले जाऊ लागले, आणि आठ वर्षांपर्यंतची स्थिती नोंदवली जाऊ लागली. एका संस्थेतून दुसरीत गेलेल्यांचा माग नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाउस या, महाविद्यालयांकडून विद्यार्थ्यांची माहिती गोळा करणाऱ्या संस्थेच्या नोंदींतून काढता येतो.

हे माप अधिक न्याय्य आहे, यात मला शंका नाही. पण आठ वर्षांनी कळलेली गोष्ट प्राचार्यांच्या काय कामाची? त्या तुकडीसाठी काही करण्याची वेळ तोवर टळलेली असते. म्हणून वॉशिंग्टन राज्याने 2007 मध्ये वाटेतले टप्पे मोजायला घेतले: पहिली 15 क्रेडिट, मग 30, महाविद्यालयीन पातळीचे गणित. या टप्प्यांना त्यांनी निधीही जोडला, आणि पैसा आला की माप वाकते, हा धोका तिथेही दिसला. नंतरच्या अभ्यासात अल्पमुदतीची प्रमाणपत्रे वाढलेली आढळली, दोन वर्षांच्या पदव्यांत मात्र तशी वाढ दिसली नाही. प्रमाणपत्र लवकर हाती पडते, त्यामुळे मोजायला सोयीचे; नोकरीच्या बाजारात त्याला किंमत किती, हा प्रश्न बाजूलाच राहतो.

न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने 2007 मध्ये सुरू केलेली ‘एसॅप’ योजना मला त्याहून बोलकी वाटते. विद्यार्थ्याला बस-भुयारी रेल्वेचा पास, पुस्तकांसाठी मदत, आर्थिक साहाय्य वजा जाता उरलेल्या शुल्काची माफी, आणि मोजकेच विद्यार्थी सांभाळणारा सल्लागार तिथे मिळतो. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडून तपासणी झाली, तेव्हा तीन वर्षांत योजनेतल्या सुमारे 40 टक्के विद्यार्थ्यांनी पदवी मिळवली. दुसऱ्या गटात हे प्रमाण 22 टक्के होते. दर विद्यार्थ्यामागे खर्च वाढला, पण दर पदवीमागे हिशेब केला तर तो कमी भरला. ओहायोतल्या तीन महाविद्यालयांतही याच धर्तीवर पदव्यांचे प्रमाण बरेच वाढले. मात्र या योजनेची पहिली अट पूर्णवेळ प्रवेशाची आहे; त्यामुळे नोकरी सांभाळून सहा-सहा क्रेडिट घेणाऱ्यांना कोणती मदत उपयोगी पडेल, याचे उत्तर या आकड्यांतून मिळत नाही.