थांबायची थांबलेली गाडी

(कोजागिरीच्या कार्यक्रमातलं भाषण, थोडं साफसूफ करून)

नमस्कार मंडळी. मागे आवाज येतोय ना? दूध आटायला अजून वेळ आहे म्हणून मला वीस मिनिटं दिलीयेत, म्हणजे मी कार्यक्रम नाही, दुधाखालचा गॅस आहे. चंद्राची वाट बघू नका, इंग्लंडच्या ईशान्येतल्या आपल्या या टीसाइडच्या ढगांना कोजागिरी कळत नाही.

विषय तुम्हाला माहितीये, टीसाइड विमानतळाला परत थेट ट्रेन पाहिजे. यातल्या 'परत'वर माझा जोर आहे, कारण काही जण म्हणतात की हे नवीन खूळ आहे. नवीन कसलं, टीसाइड एअरपोर्ट नावाचं स्टेशन १९७१ साली, ऑक्टोबरमध्ये सुरू झालं. डार्लिंग्टन-मिडल्सब्रोच्या लाइनवर, डिन्सडेल आणि अ‍ॅलन्स वेस्टच्या मधे, अजून उभं आहे. बांधलं मात्र टर्मिनलपासून चांगलं पंधरा मिनिटं चालायला लागेल अशा बेताने, म्हणजे विमानतळाचं स्टेशन म्हणायचं आणि विमानतळाला कळूही द्यायचं नाही.

ते मला कसं कळलं ते सांगतो, थोडं लांबेल. (प्रेक्षकांतून: लांबू दे!) हे तुम्ही म्हणालात हं.

२०१८ साली माझे सासू-सासरे पहिल्यांदा आले. मुंबईहून अ‍ॅमस्टरडॅम आणि तिथून इथे. त्या दिवशी माझी ड्युटी, बायको पण अडकलेली, तर मी फोनवर अगदी आत्मविश्वासाने सांगितलं की अण्णा, काळजीच नको, विमानतळालाच स्टेशन आहे, उतरा आणि गाडी पकडा. मी स्वतः कधी त्या स्टेशनवर गेलो नव्हतो, नकाशात पाहिलं होतं. टाइमटेबल बघायचं सुचलं नाही, चूक माझीच, आणि तिची मला दर दिवाळीला आठवण करून दिली जाते.

आता अण्णा कोण, तर रेल्वेतले. सगळी नोकरी भुसावळ डिव्हिजनमधे, शेवटी मूर्तिजापूरला. वऱ्हाडातली मंडळी ओळखतील, शकुंतलेचं मूर्तिजापूर. यवतमाळ आणि अचलपूरला जायची ती छोटी गाडी, तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं आणि ते १९९४ पर्यंत चाललं. इथलं इंजिन तिकडे सत्तर वर्षं चालतं आणि इथे... असो, त्यावर नंतर येतो. (येणार नाही, मला माहितीये.)

तर दोन मोठ्या बॅगा, पापड-कुरडयांची पिशवी, लोणच्याची बरणी, आणि वाऱ्यात उडणारा सासूबाईंचा पदर, असे दोघं विचारत विचारत स्टेशनला पोचले. ना तिकीट खिडकी, ना माणूस. पलीकडे जायचा पूल बंद, त्यामुळे एक फलाट बंद. अण्णांनी चष्मा लावून बोर्ड वाचला. आठवड्यात एक गाडी, रविवारी, ती पण एकाच दिशेने. त्या दिवशी गुरुवार.

दुसरा कोणी असता तर टॅक्सी बोलावली असती. अण्णांनी खिशातली डायरी काढली आणि गाड्या लिहायला सुरुवात केली. मी दीड तासाने धावत पोचलो तर सासूबाई बॅगेवर बसलेल्या, अण्णा उभे. मला वाटलं आता खैर नाही. तर ते म्हणाले, "जावईबापू, सहा गाड्या गेल्या. तीन इकडे, तीन तिकडे. तुमच्याकडे गाडी आहे जी, थांबा नाही." मग म्हणाले, "अन् तुमचा स्टेशन मास्तर कुठं बसतो?"

घरी आल्यावर विचारलं, रविवारची ती एक गाडी कशासाठी? मी शोधून सांगितलं. या देशात स्टेशन किंवा लाइन बंद करायची तर रीतसर प्रक्रिया लागते, लोकांचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, वेळ जातो, ओरड होते. त्यापेक्षा आठवड्यात एक गाडी थांबवली की कागदावर सेवा चालू. याला म्हणतात पार्लमेंटरी ट्रेन. गंमत बघा, मूळ शब्द १८४४ च्या कायद्यातला, त्यात गरिबांसाठी रोज निदान एक गाडी, मैलाला एक पेनी भाड्याने, चालवायची सक्ती होती. लोकांना गाडी मिळावी म्हणून आलेला शब्द, आता गाडी न देण्याच्या सोयीला चिकटलाय. अण्णा म्हणाले, हे आमच्याकडच्या हजेरीबुकासारखं झालं, सही आहे, माणूस नाही.

आणि मग आकडे दाखवतात. २०१२-१३ या वर्षात या स्टेशनवर प्रवासी किती, तर आठ. २०२१-२२ मधे दोन. दोन! (हशा) हसू नका, त्यातले आपले कोणी असतील. तर हे आकडे दाखवून म्हणायचं की मागणीच नाही. आठवड्यात एकदा हॉटेल उघडायचं, तेही तासभर, आणि म्हणायचं गिऱ्हाईक येत नाही. मी एका कार्यालयाला पत्र लिहिलं होतं तर उत्तरात हेच आलं, अगदी नम्रपणे, दोन पानं. माझं म्हणणं एवढंच आहे की आठ हा आकडा टाइमटेबलचा आहे, माणसांचा नाही. २०२२ च्या मे महिन्यात ती एक गाडी पण थांबायची थांबली.

आणि हे सगळं कुठे चाललंय, तर जिथून स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वेची पहिली गाडी गेली, २७ सप्टेंबर १८२५, त्याच मिडल्टन सेंट जॉर्जच्या शिवारात! दोनशे वर्षं झाली म्हणून आत्ता केवढा सोहळा झाला. आपल्याकडे बोरीबंदर-ठाणे व्हायला अजून अठ्ठावीस वर्षं होती. म्हणजे... हो, चिठ्ठी आली. "पाच मिनिटं. दूध उतू जातंय." बरं.

मुद्दे राहिलेच, पटपट सांगतो. नवीन गाडी मागायची नाही, आहे त्या गाड्यांपैकी तासाला एक, दोन्ही दिशांनी, थांबवा. पूल आणि फलाट नीट करा, बॅग ओढत जिना कोण चढणार, रॅम्प पाहिजे. आणि फलाट टर्मिनलजवळ सरकवता आला तर उत्तमच पण त्याला पैसा आणि वर्षं लागतील, तोवर गाडीच्या वेळेला टर्मिनलपर्यंत छोटी बस द्या.

समोरून येणारं उत्तर पण ऐकून ठेवा. म्हणतील एका थांब्याने मागच्या गाड्या खोळंबतात, आणि विमानं तरी किती आहेत. पहिलं थोडं खरं आहे, डार्लिंग्टनला लंडनची गाडी चुकली तर लोक आपल्यालाच शिव्या देतील, म्हणून दर गाडी नाही, तासाला एक. दुसऱ्याला माझं उत्तर, न्यूकॅसल विमानतळाला १९९१ पासून मेट्रो आहे, आपले अर्धे लोक इथलं विमान सोडून तिकडे जातात, हात वर करा बरं... बघा. स्कॉटलंडमधे प्रेस्टविकला स्टेशनवरून थेट पूल आहे टर्मिनलमधे, आणि तो विमानतळ काही हीथ्रो नाही. इथे तर २०१९ मधे लोकांच्याच पैशातून, चार कोटी पौंड देऊन, विमानतळ परत घेतला. दुकान आपलं झालं, आता दुकानाला पायरी नको का?

कौन्सिलर, खासदार, महापौर, तिघांना पत्र. मजकूर मी तयार ठेवलाय, पण जसाच्या तसा पाठवू नका, आपली एक ओळ घाला, तुम्ही किती वेळा टॅक्सीला किती दिलेत ते लिहा. सह्यांचा कागद दुधाच्या पातेल्याशेजारी आहे, पेन बांधून ठेवलंय, गेल्या वेळी तीन गेले. पहिली सही अण्णांची आहे, पत्ता मूर्तिजापूरचा लिहिलाय त्यांनी, तो चालतो का ते विचारून सांगतो.