लिहून घेणारे

(दृश्य: धुळे शहर. रहदारी, मग तुरुंगाची भिंत.)

१९३२ साल. धुळ्याचा तुरुंग. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबा इथं कैद्यांसमोर गीतेवर बोलले. १८ रविवार, १८ अध्याय. श्रोत्यांत बसून भराभर टिपून घेत होते साने गुरुजी. पूर्वी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक, आणि तेव्हा स्वतःही कैदीच. त्यांनी लिहून घेतलं म्हणून ‘गीता प्रवचने’ आज आपल्या हातात आहे.

या उन्हाळ्यात मी ते सलग वाचलं. जड असेल म्हणून जरा धास्तीनंच उघडलं होतं. पण निघालं चक्क बोलणं. आईच्या दुधापेक्षाही आपलं पोषण गीतेवर जास्त झालं, हे विनोबा पहिल्याच प्रवचनात सांगून टाकतात, आणि तरी पुढं त्या आईची आठवण काढत राहतात. कधी कधी दाखल्यांची गर्दी होते, हेही खरं. एखाद्या काटेकोर संपादकानं निम्मे उडवले असते. राहिले ते बरं झालं.

पुढच्याच वर्षी गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. गोष्ट कोकणातली, पण मांडणी बघा: श्याम रात्री मित्रांना आठवणी सांगतो. अशा ४२ रात्री. शाळेत एखादीच रात्र धडा म्हणून येते, तेव्हा हे जाणवत नाही. धुळ्याचे रविवार या रात्रींत उतरले असावेत, असा आपला माझा तर्क.

(दृश्य: जुनं जळगाव, चौधरी वाडा. जातं, चूल.)

आणि बहिणाबाई. आसोद्याची लेक, जळगावची सून. अक्षरओळख नाही. तिशीत वैधव्य. शेतात, घरात काम करता करता गाणं ओठांवर यायचं. मुलगा सोपानदेव आणि त्यांचा मावसभाऊ यांनी जमेल तसं ते कागदावर उतरवलं. बहिणाबाई गेल्या १९५१ मध्ये. गाणी पुस्तकरूपानं आली १९५२ मध्ये, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. जी टिपली गेली नाहीत, ती त्यांच्याबरोबरच गेली.

आपण त्यांच्या ओळी सुविचारासारख्या फळ्यावर लिहितो, ते मला आता खटकतं. अख्खं पुस्तक वाचलं की आधी दिसते ती कष्टानं दमलेली, तरी थट्टा न सोडणारी बाई. मी यावल तालुक्यातल्या माझ्या आजीला ती गाणी वाचून दाखवली. दोन ओळींतच तिनं थांबवलं. ‘वाचू नको, म्हन.’

(दृश्य: रावेर–यावलचा रस्ता, दोन्हीकडं केळीच्या बागा.)

याच भागातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे. त्यांच्या ‘कोसला’ला, १९६३ च्या कादंबरीला, लिहून घेणारा लागला नाही, तरी तिचा नायक पांडुरंग सांगवीकर आपल्याशी बोलतोच आहे, थेट, तिरकस. पुण्याचा भाग मी भरभर वाचला. त्याच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मरणाशी मात्र अडकलो. तिथं त्याचं बोलणं ऐकवत नाही, आणि पुस्तक मिटवतही नाही.

हल्ली आजी ओव्या म्हणायला लागली की मी मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू करतो. तिला ते पटत नाही. ‘वहीत लिही,’ म्हणते. मग दोन्ही करतो. वहीत चाल सुटते, आणि रेकॉर्डिंगमध्ये शेजारचा ट्रॅक्टर येतो.