सातारासांगली नावाचा जिल्हा

आत्ता मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, लिनक्समध्ये फाइलमध्ये काय आहे ते बघायला कॅट कमांड वापरायची ना?" वापरा की. मीही दिवसभर तेच करतो. पण ही कमांड त्या कामासाठी जन्मलेली नाही. कॅट म्हणजे 'कॅटनेट', साखळीसारखं एकापुढे एक जोडणं. टी-शर्टवर मांजराचं चित्र असतं, तिकडे लक्ष देऊ नका.

इथे पडद्यावर बघा. माझ्याकडे जिल्ह्यांच्या दोन फाइली आहेत, नावं 'एक' आणि 'दोन'. पहिलीत शेवटची ओळ 'सातारा', दुसरीत पहिली ओळ 'सांगली'. कॅट, एक, दोन, एंटर. काय आलं? 'सातारासांगली'! महाराष्ट्रात नवा जिल्हा झाला, आणि तोही आंदोलनाशिवाय. (हशा) पहिल्या फाइलीत साताऱ्यानंतर मी एंटर मारलेलाच नव्हता. कॅटला ओळ कळत नाही, शब्द कळत नाही, मराठी तर नाहीच. यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे अक्षरं संगणकात साठवायच्या एका पद्धतीत, 'क' लिहायला तीन बाइट लागतात. ते तीन इकडून घ्यायचे, तिकडे सोडायचे, एवढंच तिचं काम. जोडलेलं कुठे पाठवायचं हे सांगितलं नाही, तर ते पडद्यावर येतं, आणि आपल्याला वाटतं कॅटने फाइल दाखवली.

पडदा तरी कुठे होता म्हणा. 1971 साली युनिक्सचं, म्हणजे लिनक्सच्या पूर्वज ऑपरेटिंग सिस्टिमचं, पहिलं मॅन्युअल निघालं, त्यात कॅट आहे. तेव्हा समोर असायचा टेलिटाइप, म्हणजे कागदावर खडखड टंकणारं यंत्र. मॉडेल 33 चा वेग सेकंदाला 10 अक्षरं. 80 अक्षरांच्या 24 ओळी, म्हणजे आजची एक टर्मिनल खिडकी, छापायला तीन मिनिटांच्या वर लागायची. आपण अजून 'प्रिंट कर' म्हणतो ना, ते तिथलं. कमांडची नावं दोन-तीन अक्षरी का आहेत, हेही कळलं असेल. पुढे पडदे आले, मजकूर डोळ्यांसमोरून भुर्रकन वर जायला लागला, म्हणून मजकूर पडदाभर दाखवून थांबणारी मोअर कमांड आली, मग तशीच लेस. लांबलचक लॉग, म्हणजे प्रोग्रामने लिहिलेली नोंदवही, वाचायचा तर लेसच वापरा. तिरकी रेघ देऊन शोधा, क्यू दाबून बाहेर पडा.

कॅटला पुढे शेपट्याही फुटल्या, म्हणजे कमांडपुढे लिहायचे पर्याय. डॅश व्ही दिलं की न दिसणारी चिन्हं दिसू लागतात. 1983 मध्ये यूझनिक्स या युनिक्सवाल्यांच्या संघटनेच्या परिषदेत बेल लॅब्जचे प्रोग्रामर रॉब पाइक यांनी यावरच टीका केली: जोडणारीने जोडावं, ही कामं दुसऱ्या प्रोग्रामने करावीत. तत्त्व मला पटतं. तरी डॅश कॅपिटल ए मी सोडणार नाही. विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट लिनक्सवर चालत नाही, पडद्यावर तर सगळं ठीकठाक दिसतं, अशा वेळी ते देऊन बघा. ओळीच्या शेवटी नुसतं डॉलरचं चिन्ह असेल तर ठीक. त्याच्या आधी टोपी (^) आणि एम दिसलं, तर चोर सापडला: ते विंडोजने ओळीच्या शेवटी टाकलेलं जादा चिन्ह.

आता माझीच फजिती सांगतो. नवीन होतो. दोन याद्या जोडून पहिलीतच ठेवायच्या होत्या. लिहिलं: कॅट, एक, दोन, मग बाण (>), म्हणजे 'निकाल या फाइलीत टाक', आणि बाणापुढे पुन्हा एक. एंटर. ना एरर, ना तक्रार. फाइल उघडली तर आत फक्त दुसरी यादी! बाण कॅटचा नसतो, शेलचा असतो, म्हणजे आपण टंकलेल्या कमांडी वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामचा. शेल आधी ती फाइल रिकामी करतं, मग कॅटला हाक मारतं. कॅटने इमानदारीत रिकामी फाइल वाचली, तिला दुसरी जोडली. तीनशे नावं मी त्या संध्याकाळी रजिस्टरवरून पुन्हा टंकली.

दुसरी फाइल पहिलीच्या शेवटी चिकटवायची असेल तर कॅट, दोन, मग दोन बाण (>>) आणि एक. आणि हो, त्याआधी साताऱ्यापुढे एंटर आहे का, ते बघा.