शून्य रुपयांचं तिकीट

(साताऱ्यातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या मासिक सभेत एका निवृत्त एसटी वाहकाने केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, समोर एवढी माणसं बसलेली दिसली की तोंडातून पहिलं वाक्य "पुढं सरका, मागं जागा करा" हेच येतं. चौतीस वर्षांची सवय आहे, सांभाळून घ्या.

अध्यक्षांनी मला विषय दिला 'निवृत्तीनंतरचा आनंद'. मी म्हटलं, मी कंडक्टर माणूस, मला काय बोलता येणार? ते म्हणाले, तुम्ही सारखे कुठं ना कुठं गाडीतून उतरताना दिसता, त्याबद्दल बोला. तर आज उतरण्याबद्दलच बोलतो.

एसटीचं भाडं टप्प्यावर असतं, सहा किलोमीटरचा एक टप्पा. त्यामुळं नोकरीत असताना गावं माझ्यासाठी गावं नव्हतीच. वाई म्हणजे इतके टप्पे, मेढा म्हणजे इतके टप्पे. लोकांना वाटतं, कंडक्टर गावोगाव फिरतो, मजा आहे त्याची. अहो, कंडक्टरचं तोंड माणसांकडं असतं, खिडकीकडं नसतं. घाट लागला की पॅसेंजर बाहेर बघायचे आणि मी पुढचा टप्पा यायच्या आत तिकिटं संपवून वे-बिलावर, म्हणजे फेरीच्या हिशेबाच्या कागदावर, आकडे टाकत असायचो. आमच्या वेळी मशीन नव्हतं. तिकिटांचा ट्रे, हातात पंच, काखेत पैशाची बॅग. मशीन आलं तेव्हा मी घरी बसलो होतो.

आता मी शहात्तर वर्षांचा आहे. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट झाली. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. म्हणजे आमच्या दोघांचं मिळून अर्धं तिकीट लागतं. बायको म्हणते, "अहो, जन्मभर दुसऱ्याला तिकीट दिलंत, आता माझ्या तिकिटावर फिरता." फुकट असलं तरी मलाही तिकीट मिळतं बरं का. आधार कार्ड दाखवायचं, मशीन किर्र करतं आणि शून्य रुपयांचं तिकीट हातात येतं. मी ते फेकत नाही. पूर्ण प्रवासभर दोन बोटांत धरून ठेवतो. चेकर आला तर असावं.

एकदा एक तरुण कंडक्टर म्हणाला, "काय आजोबा, फुकटात कुठं निघाला?" लागलं मनाला. शेजारचे एकजण त्याच्यावर चिडलेसुद्धा. मी गप्प बसलो, कारण मला माझी एक गोष्ट आठवली. एका थांब्यावर एक म्हातारी उतरत होती. एक पाय पायरीवर, एक हात दांडीला, आणि डोक्यावर गाठोडं. गाडी आधीच वीस मिनिटं लेट. तिचा दुसरा पाय जमिनीला लागला न लागला तोच मी गाडी सोडायची डबल बेल दिली. ती पडली नाही. पण तिनं मागं वळून माझ्याकडं बघितलं. आता माझे गुडघे गेलेत, मी उतरताना तेवढाच वेळ लावतो, आणि प्रत्येक वेळी कान त्या घंटीकडं असतात.

असो. साताऱ्याजवळच्या लिंब गावातल्या बारामोटेच्या विहिरीचं सांगतो. लिंबला जाणारी-येणारी किती माणसं मी चढवली-उतरवली याचा हिशेब नाही. विहीर कधी पाहिली नव्हती. दोन मिनिटं थांबायचं, घंटी द्यायची, चला. बहात्तराव्या वर्षी पहिल्यांदा तिथं पायऱ्या उतरलो. शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधली. वरून बघितली तर शिवलिंगाचा आकार. ११० फूट खोल आणि ५० फूट व्यासाची सांगतात. जागा पंधरा मोटांची आहे, पण बारा चालायच्या म्हणून बारामोटेची. आणि विहिरीच्या पोटात दगडी महाल! भर मे महिन्यात आत गारवा होता. बायको एका दगडी कमानीला टेकून म्हणाली, "ही इथंच होती होय इतकी वर्षं?" विहीर होती, मीच नव्हतो.

तेव्हापासून आमचा मंगळवार ठरलेला आहे. मंगळवारच का? तर शनिवार-रविवार नोकरदारांचे. कासला सप्टेंबरात फुलं असतात तेव्हा सुट्टीच्या दिवशी रस्त्यावर गाड्यांचीच रांग फुललेली असते. २०१२ साली पश्चिम घाटातल्या बाकीच्या जागांबरोबर कास जागतिक वारशाच्या यादीत गेलं, तेव्हापासून तर विचारूच नका. आपल्याला काय घाई आहे? सकाळची शाळा-कॉलेजची गर्दी ओसरली की दहा-साडेदहाची गाडी धरायची. पाण्याची बाटली, गोळ्या, भाकरी-पिठलं. आणि एक गोष्ट आधी सांगतो, इथं बायका बसल्यात तरी सांगतो: स्वच्छतागृहाची चौकशी करूनच निघायचं. काही बसस्थानकांची नावं मी घेणार नाही, माझंच खातं आहे, पण तिथल्यापेक्षा घरून उशिरा निघालेलं बरं.

आता मुलाबाळांचं. मुलगा चिंचवडला, मुलगी इचलकरंजीला. मुलाचं कुटुंब महिन्या-दीड महिन्यानं येतं. शनिवारी यायचे असतील तर आमच्याकडं शुक्रवारीच सण असतो. बायको पहाटे उठून पुरणाची डाळ बघते, सुनेला आवडते म्हणून शेंगदाण्याची चटणी कुटते, मी मोती चौकातून कंदी पेढे आणतो. खरं सांगू? तो शुक्रवार मला शनिवारपेक्षा जास्त आवडतो. शनिवारी सगळी आल्यावर अर्धा वेळ मोबाइल चार्ज करण्यात जातो.

पूर्वी मला एक खोड होती. त्यांच्या येण्या-जाण्याच्या वेळा मी वहीत टिपायचो. आगमन ११.४०, प्रस्थान ५.१०. वे-बिलाची सवय, दुसरं काय. मग मागची पानं उलटून बघायचो, दिवाळीला किती तास राहिले, यंदा किती कमी झाले. मुलगा दुपारपासूनच म्हणायला लागतो, "आबा, निघायला हवं, खंबाटकीत अडकू." मी घड्याळाकडं बघायचो, तोंड पाडायचो. शेवटचे तीन तास असे वाया जायचे. एके दिवशी बायकोनं ती वही बघितली. काही बोलली नाही. संध्याकाळी वही रद्दीत होती. बरं झालं.

नातू नऊ वर्षांचा आहे. मागच्या खेपेला तो म्हणाला, "आबा, मला कारनं नको, तुमच्या लाल गाडीनं ने." मुलगा म्हणाला, कार दारात असताना? मी म्हटलं, कारला राहू दे दारात. दोघं लिंबला गेलो. खिडकी त्याला दिली. त्याचं निम्मं तिकीट, माझं शून्याचं. त्यानं दोन्ही शेजारी धरून बघितली आणि विचारलं, "तुमचं शून्य का? तुम्ही आऊट झालात?" पुढच्या सीटवरचा माणूस इतका हसला की त्याला ठसका लागला. विहिरीच्या पायऱ्या त्यानं मोजल्या, मी मोजल्या, दोघांचे आकडे वेगळे आले. म्हणून परत उतरलो. गुडघे म्हणत होते नको, पण हिशेब चुकवून घरी जायचं कसं? दुसऱ्यांदाही जुळले नाहीत. दिवाळीत परत मोजायचं ठरलंय.

घरी आल्यावर त्यानं पुठ्ठ्याचा ट्रे केला, लग्नपत्रिका कापून तिकिटं केली आणि सगळ्यांना खुर्च्यांवर ओळीनं बसवलं. त्याच्या आईलासुद्धा. मला म्हणाला, "आबा, तुम्ही पॅसेंजर." मी उठून खिडकीपाशी बसलो. त्यानं जोरात विचारलं, "कुठं जायचं?" चौतीस वर्षं मी हा प्रश्न लोकांना विचारला. मला कुणी विचारायला लागलं की काय सांगावं सुचत नाही. मी म्हटलं, "शेवटच्या थांब्यापर्यंत द्या." सून एकदम माझ्याकडं बघायला लागली. मग मीच दुरुस्त केलं, "मेणवली द्या, मेणवली."

तर येत्या मंगळवारी मेणवलीलाच चाललोय. वाईपर्यंत एसटी, ढोल्या गणपतीला नमस्कार, पुढं तीन किलोमीटर मिळेल त्या गाडीनं. नाना फडणवीसांचा वाडा, खाली कृष्णेचा घाट, आणि घाटावर टांगलेली ती मोठी घंटा, चिमाजीअप्पांच्या वसईच्या मोहिमेतून आलेली. घंटी म्हटली की मला जायलाच हवं. कुणाला यायचं असेल तर दहा वाजता स्टँडवर, वाईच्या फलाटाला. आधार कार्ड आणा. उतरताना सावकाश उतरा, मी दाराशी उभा असेन.