दाबाच्या रेषा जिथे छेदतात

पडद्यावर हृदयाच्या ठोक्याबरोबर सरकणाऱ्या चार रेषांपैकी सर्वांत खालची ईसीजीची, म्हणजे हृदयातील विद्युत हालचालीची आहे; तिच्यावरच्या तीन रेषा डावे अलिंद (हृदयाचा वरचा कप्पा), डावे निलय (खालचा कप्पा) आणि महारोहिणी (डाव्या निलयातून शरीराकडे रक्त नेणारी मुख्य धमनी) यांमधील दाब दाखवतात. या आलेखाला अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ कार्ल विगर्स यांचे नाव मिळाले आहे. मिनिटाला 75 ठोके पडत असतील, तर एका ठोक्याच्या वाट्याला 0.8 सेकंद येतात, आणि तेवढाच काळ आपण सावकाश पाहणार आहोत.

उजव्या अलिंदाच्या भिंतीतील सायनस नोड या पेशींच्या पुंजक्यामध्ये आपोआप निर्माण झालेला विद्युत आवेग दोन्ही अलिंदांत पसरतो, तेव्हा ईसीजीवर पी तरंगाचा लहानसा उंचवटा उमटतो. तोवर निलये बरीचशी भरलेली असतात. अलिंदांच्या आकुंचनाने राहिलेली भर पडते. अलिंदे व निलये यांच्या सीमेवरील एव्ही नोडमध्ये आवेग सुमारे 0.1 सेकंद रेंगाळतो, आणि या विलंबामुळेच अलिंदांना आपले रक्त खाली सोडण्यास अवधी मिळतो.

त्यानंतर निलयांच्या भिंतींतील आवेगवाहक पर्किंजे तंतूंच्या वाटेने आवेग निलयांत वेगाने पसरतो व ईसीजीवर क्यूआरएस नावाचे टोकदार शिखर दिसते. स्नायू त्याच्या किंचित मागाहून आवळू लागतो. निलयाची दाबरेषा अलिंदाच्या रेषेला छेदून वर जाते, त्याच क्षणी या दोघांमधील मायट्रल झडप मिटते आणि हृदयाचा पहिला ध्वनी ऐकू येतो.

इथे थोडे थांबू या. महारोहिणीची झडप अजून उघडलेली नाही, त्यामुळे सुमारे 0.05 सेकंद डावे निलय दोन्हीकडून बंद असते. रक्त दाबले तरी आक्रसत नाही. म्हणून आतील घनफळ तेवढेच राहते आणि दाब मात्र 10 मिलिमीटर पाऱ्याच्या आसपासून थेट 80 पर्यंत चढतो. संपूर्ण चक्रातील हा क्षण मला सर्वांत विलक्षण वाटतो, कारण झडपा कशाच्या बळावर हलतात हे इथे स्पष्ट दिसते. झडपेच्या पाकळ्या उघडणारा स्नायूच नसतो. मायट्रल झडपेला दोऱ्यांनी जोडलेले छोटे स्नायू पाकळ्यांना अलिंदात उलटण्यापासून रोखतात, एवढेच त्यांचे काम. बाकी सारे दाबातील फरक करतो.

निलयाची रेषा महारोहिणीच्या रेषेला छेदते आणि झडप उघडते. दाब 120 पर्यंत जातो. आतील सुमारे 120 मिलिलिटर रक्तापैकी 70 बाहेर पडते, 50 आतच राहते. उजवे निलय तेवढेच रक्त जेमतेम 25 च्या दाबाने फुप्फुसांकडे पाठवते.

दाब उतरणीला लागत असताना ईसीजीवर टी तरंग, म्हणजे निलयांचा विद्युत भार पूर्ववत होत असल्याची खूण, दिसतो. रेषा पुन्हा छेदतात, महारोहिणीची झडप मिटते, दुसरा ध्वनी येतो आणि महारोहिणीच्या रेषेवर छोटी खाच उमटते. निलय पुन्हा क्षणभर बंद राहते. त्याचा दाब अलिंदाहून खाली गेला की मायट्रल झडप उघडते व साठलेले रक्त वेगाने आत येते.

या शिथिल काळातच डाव्या निलयाच्या स्नायूला त्याचे स्वतःचे रक्त मुख्यतः मिळते, कारण आकुंचनात त्याच्यातील रक्तवाहिन्या आवळल्या जातात. ठोके वाढू लागले, की आकुंचनापेक्षा हाच काळ अधिक आखडतो.