वजन आधी की दुसरं ऑपरेशन?
(निवेदन)

[दृश्य: पणजी, पावसाची दुपार. खिडकीपाशी टेबल. टेबलावर शिवणकामाची टेप, वही आणि प्लास्टिकच्या पिशवीतली रुग्णालयाची फाइल.]

ब्रेस्ट रिडक्शन, म्हणजे स्तनांचा आकार कमी करण्याचं ऑपरेशन, होऊन वर्ष-दोन वर्षं उलटली आहेत. खांदे आधीपेक्षा हलके वाटतात, तरी छाती अजून मोठीच दिसते; किंवा मधे कमी झाली होती आणि पुन्हा भरली. पावसाळ्यात स्तनांखालच्या घडीत घाम साचतो, पुरळ उठतं. अशा वेळी बाईच्या कानावर दोन सल्ले पडतात. घरचे म्हणतात, वजन उतरव, सगळं ठीक होईल. ओळखीतली कोणी म्हणते, परत टेबलावर जा आणि एकदाचं मिटव. यांपैकी कोणीही विचारत नाही, की राहिलंय नेमकं काय? चरबी, दुधाची ग्रंथी, सैल त्वचा, की चुकलेला आकार? निर्णय या उत्तरावर ठरतो.

सुरुवात तारखेपासून करू. ऑपरेशनला सहा महिने झाले नसतील तर आकाराबद्दल काहीच ठरवू नका. सूज उतरायला तीन ते सहा महिने लागतात, आकार स्थिरावायला वर्षभर आणि व्रण मऊ पडून फिकट व्हायला बारा ते अठरा महिने. तिसऱ्या महिन्यात एक बाजू मोठी वाटली, तर पुष्कळदा ती सूजच असते. घाईने केलेलं दुसरं ऑपरेशन या सुजेवरच बेतलं जातं आणि ती उतरली की फरक उलट्या बाजूला दिसू लागतो.

एक गोष्ट मात्र थांबण्याची नाही. नवी गाठ, स्तनाग्रातून रक्तासारखा स्राव, त्वचेला पडलेली खळी किंवा आत ओढलं गेलेलं स्तनाग्र दिसलं तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. ऑपरेशननंतर आतली चरबी काही ठिकाणी मरून कडक गाठ होऊ शकते. ती निरुपद्रवी असते, पण हाताला कर्करोगाच्या गाठीसारखीच लागू शकते. फरक सोनोग्राफी, मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) आणि गरज पडल्यास सुईने घेतलेला तुकडा सांगतो. ‘ऑपरेशनमुळेच असेल’ असं घरी बसून ठरवू नका.

[दृश्य: वहीचं पान. दोन रकाने: ऑपरेशनच्या वेळचं वजन, आजचं वजन.]

आता वजन. डिस्चार्ज कार्डावर किंवा भूल देण्याआधीच्या तपासणीच्या कागदावर त्या दिवसाचं वजन लिहिलेलं असतं. ते शोधा आणि शेजारी आजचं लिहा. सात-आठ किलो वाढले असतील तर छाती पुन्हा का भरली याचं मोठं कारण बहुधा सापडलं. ऑपरेशनमध्ये ग्रंथी आणि चरबी काढतात, पण सगळी नाही. उरलेल्या चरबीच्या पेशी वजनाबरोबर फुगतातच. वजन तेवढंच असून छाती पहिल्या सहा महिन्यांपासूनच मोठी राहिली असेल, तर बहुधा काढलंच कमी गेलं आहे. हे ताडून पाहायला पॅथॉलॉजीचा, म्हणजे काढलेल्या मांसाच्या तपासणीचा, रिपोर्ट कामी येतो. प्रत्येक बाजूने किती ग्रॅम काढलं हे त्यात लिहितात.

वजन तेवढंच, पण मधे बाळंतपण झालं, पाळी जाण्याचा काळ आला किंवा हार्मोनच्या गोळ्या सुरू झाल्या, तर ग्रंथी वाढलेली असू शकते. ती उपासाने आटत नाही. थायरॉइडची तपासणीही या टप्प्यावर करून घ्या, कारण वजन चढण्यामागे तेही असतं.

मॅमोग्राफी झाली असेल तर तिच्या रिपोर्टातला एक शब्द बहुतेक जणी वाचतच नाहीत. स्तन किती दाट आहे ते तिथे ए, बी, सी, डी अशा चार पायऱ्यांत देतात. ए म्हणजे जवळजवळ सगळी चरबी, डी म्हणजे अतिशय दाट. ए किंवा बी असेल तर वजन उतरल्यावर छातीही उतरेल अशी आशा धरायला जागा आहे. सी-डी असेल तर दहा किलो कमी होऊनही आधी गाल आणि कंबर उतरेल, छातीत फरक थोडाच पडेल. चाळिशी ओलांडली असेल तर दुसऱ्या ऑपरेशनआधी ही तपासणी तशीही सांगतातच.

[दृश्य: आरसा. टेप गळ्याखालच्या खाचेवर धरलेली.]

आरशासमोर ताठ उभ्या राहा, हात खाली सोडा. गळ्याखाली दोन हाडांच्या मधे खाच लागते, तिथून स्तनाग्रापर्यंतचं अंतर मोजा. मग स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या खालच्या कडेपासून स्तनाखालच्या घडीपर्यंत. दोन्ही बाजूंचे आकडे वेगळे लिहा. दुसरं अंतर ऑपरेशनच्या वेळी साधारण 5 ते 7 सेंटिमीटर ठेवलेलं असतं आणि थोडं ताणलं जाणारच. पण ते खूपच लांबलं असेल, स्तनाचं वजन खाली उतरलं असेल आणि स्तनाग्र वर आभाळाकडे पाहत असेल, तर आतला आधार ढिला पडून भार तळाशी सरकला आहे. हा आकाराचा दोष आहे. वजन कमी केल्याने तो सुधारत नाही. कधी त्वचा आणखी सैल होऊन उठूनच दिसतो. काखेकडे टाक्याच्या टोकाला राहिलेला त्वचेचा कोपरा, दोन बाजूंतला ठळक फरक, ओढलेला व्रण यांचंही तसंच. मात्र काखेजवळचा फुगवटा नुसत्या चरबीचा असेल तर वजनाबरोबर कमी होऊ शकतो.

दुखणं मानेत आणि हातात मुंग्या येऊन होत असेल तर मानेच्या मणक्याची तपासणी आधी. ते दुखणं स्तनांवर टाकून पुन्हा चिरून घेणं हा फार महागात पडणारा गैरसमज आहे.

वजनाचा मार्ग निवडलात तर तो तारखेला बांधा. भारतीयांसाठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 23 पासून जास्त वजन आणि 25 पासून लठ्ठपणा धरतात. 155 सेंटिमीटर उंचीच्या बाईचं वजन 72 किलो असेल तर बीएमआय 30 होतो. तिला 60 किलोवर येण्याची गरज नाही. पाच किलो उतरले तरी छातीचं उत्तर मिळू लागतं. आठवड्याला अर्धा किलो या वेगाने त्याला अडीच-तीन महिने लागतात. ब्राचा घेर आणि कप पहिल्या दिवशी आणि तिसऱ्या महिन्यात मोजा. पाच किलो गेले आणि छातीचा घेर हललाच नाही, तर पुढचे पाच किलो आरोग्यासाठी जरूर उतरवा, पण छातीसाठी त्यांच्यावर भिस्त ठेवू नका.

[दृश्य: फोंड्यातलं स्वयंपाकघर. उकडे तांदूळ, किसलेला नारळ, बांगडे.]

गोव्याच्या ताटात दोष हुमणाला, म्हणजे नारळाच्या वाटणातल्या माशांच्या आमटीला, देतात, तो बरोबर नाही. चौघांच्या आमटीत अर्धा नारळ गेला तर एकीच्या वाट्याला साधारण दीडशे कॅलरी येतात. शिजलेल्या भाताची एक मोठी वाटी, म्हणजे दीडशे ग्रॅम, जवळपास दोनशेची. हिशेब चढतो तो दुसऱ्या वाढीच्या भाताने, संध्याकाळच्या चहाबरोबरच्या पावांनी आणि रव्यात घोळवून तळलेल्या तुकड्यांनी; तेलाचा एक मोठा चमचा 120 कॅलरींचा. बांगडा तव्यावर थोड्या तेलात भाजा, भात एक वाटी, बाजूला भाजी दुप्पट. मासा ताटातून काढू नका. शंभर ग्रॅम बांगड्यात 19-20 ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि वजन उतरताना स्नायू टिकायला तीच लागतात. मिरामारच्या किनाऱ्यावर चालायला जात असाल तर घट्ट धरणारी स्पोर्ट्स ब्रा घाला, नाहीतर खांदे दुखून चालणं चौथ्या दिवशी बंद पडतं.

वजन उतरवण्याची इंजेक्शनं घेत असाल तर ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. त्यांनी पोट रिकामं व्हायला वेळ लागतो, म्हणून पुढे ऑपरेशन ठरलं तर भूलतज्ज्ञांना हे आधी सांगायलाच हवं. भरल्या पोटी भूल देणं धोक्याचं असतं.

घडीतल्या पुरळावर औषधाच्या दुकानातून मिळणारं स्टेरॉइड मिसळलेलं मलम चोळू नका. चार दिवस बरं वाटतं, मग बुरशी पसरते आणि त्वचा पातळ होते. पातळ त्वचेवर टाके नीट धरत नाहीत. घडी टिपून कोरडी ठेवा, सुती पट्टी लावा आणि त्वचारोगतज्ज्ञांकडून औषध घ्या. त्या भेटीचा कागद जपून ठेवा.

[दृश्य: फाइल उघडते. ऑपरेशन नोटचं पान.]

दुसऱ्या ऑपरेशनचा खरा धोका या पानातून, म्हणजे पहिल्या ऑपरेशनच्या सर्जनने लिहिलेल्या नोंदीतून, कळतो. पहिल्या वेळी स्तनाग्र आणि वर्तुळ बहुतेक वेळा कापून वेगळं केलेलं नसतं. रक्तपुरवठा करणाऱ्या मांसाच्या एका पट्ट्यावर ते जिवंत ठेवून वर सरकवलेलं असतं. हा पट्टा कोणी खालून ठेवतं, कोणी वरून आतल्या बाजूने. दुसऱ्या सर्जनने तोच पट्टा नकळत कापला तर स्तनाग्र काळं पडून मरू शकतं. पट्टा कुठून ठेवला होता हे ऑपरेशन नोटमध्ये लिहिलेलं असतं. डिस्चार्ज कार्डात ते बहुधा नसतं. नोट मिळालीच नाही तर सावध सर्जन मोठी कापाकापी टाळून लायपोसक्शनने, म्हणजे नळीने चरबी ओढून, किंवा घडीजवळून थोडं काढून काम भागवण्याचा विचार करतात. अर्थात लायपोसक्शन चरबी काढतं. दाट ग्रंथी आणि सैल त्वचा तशीच राहते.

म्हणून नोट आजच मागा. 2002 च्या वैद्यकीय आचारनियमांप्रमाणे रुग्णाने अर्ज केल्यावर 72 तासांत कागद द्यायला हवेत, पण भरती रुग्णांचे कागद जपण्याचं बंधन तीनच वर्षांचं आहे. बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज असो की मडगावचं खाजगी रुग्णालय, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मिळालेला कागद स्कॅन करा. गोव्याच्या दमट कपाटात कागदाला बुरशी धरायला एक पावसाळा पुरतो.

टोकाचा त्वचेचा कोपरा काढायचा असेल तर जागेवरची भूल पुरते आणि संध्याकाळी घरी येता येतं. पूर्ण आकार पुन्हा बसवायचा तर पूर्ण भूल, दोन-तीन तास आणि मग चार ते सहा आठवडे जड उचलणं बंद. स्कूटर निदान दोन-तीन आठवडे नाही. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) तोंडावर तारीख घेऊ नका, घरातली कामं तुम्हाला बसू देणार नाहीत. सिगारेट, तंबाखू आणि मिश्रीसुद्धा, चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर पूर्ण बंद. निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळतं आणि स्तनाग्राचं आयुष्य त्याच वाहिन्यांवर असतं. मधुमेह असेल तर एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ताब्यात आल्याशिवाय तारीख नको.

विमा पॉलिसीत कॉस्मेटिक शस्त्रक्रिया बहुतेक वगळलेली असते. आरोग्याला थेट धोका दूर करण्यासाठी ती गरजेची असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं तरच बोलणी होतात. पुरळाच्या भेटींचे कागद, फिजिओथेरपीच्या नोंदी, ब्राच्या पट्ट्यांनी खांद्यावर पडलेल्या चरांचे फोटो तेव्हा लागतात. मंजुरी भरती होण्याआधी लेखी घ्या.

आणि क्रम. वजन चढतं-उतरतं असेल, किंवा वर्षभरात मूल हवं असेल, तर ऑपरेशन आत्ता नको. वजन तीन ते सहा महिने एका जागी राहू द्या. बाळंतपण झालं असेल तर अंगावर पाजणं थांबून सहा महिने जाऊ द्या. आधी ऑपरेशन करून मग दहा किलो उतरवले तर नीट बसवलेला आकार पुन्हा लोंबतो आणि तिसऱ्यांदा टेबलावर जावं लागतं. आधी वजन उतरवलं, तर कित्येकदा काढायला फारसं उरतच नाही. तेव्हा सर्जनला जास्तीची त्वचा काढून स्तन वर बसवायचे असतात, आतलं मांस जवळपास जागेवरच राहतं. हे ऑपरेशन पुन्हा आकार कमी करण्यापेक्षा लहान असतं. तरीही पट्टा कुठून आहे, हे त्याआधी माहीत असावंच लागतं.