शेरा लिहिण्याआधी वही बघा

समोर शिक्षक जास्त आणि पालक कमी दिसतायत, तेव्हा मी शिक्षकांशीच बोलते. पालकांनी ऐकून घ्यावं आणि नंतर शाळेत जाऊन खुशाल भांडावं.

कुबडी दिसते, जाड भिंगाचा चष्मा दिसतो. अशा मुलाला आपण पहिल्या बाकावर बसवतो, कुणी चिडवलं तर त्याला रागावतो. पण ज्याची अडचण वाचण्या-लिहिण्यात किंवा आकड्यांत आहे, बाहेरून काहीच दिसत नाही, त्याच्यासाठी आपल्याकडे शेरे तयार असतात: आळशी, धांदरट, ‘हुशार आहे पण करत नाही’. शेरा लिहिला की तपास संपला. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, की तपास तिथून सुरू व्हायला हवा.

पाचवीतल्या एका मुलाची श्रुतलेखनाची वही माझ्याकडे आली होती. एकाच पानावर ‘विद्यार्थी’ हा शब्द तीनदा आलेला आणि तिन्ही वेळा निराळा: ‘विद्याथी’, ‘विदयाथी’, ‘विधार्थी’. ‘भात’चा ‘मात’, ‘घर’चं ‘धर’. खाली लाल शाईत ‘लक्ष नाही. सराव हवा.’ त्याच वहीत चार पानं मागे फळ्यावरून उतरवून घेतलेला उतारा होता. अक्षर टपोरं, चूक शोधावी लागेल असं. म्हणजे हात चालतो, डोळे चालतात, बसून लिहायची तयारीही आहे. ऐकलेल्या आवाजाचं अक्षर करताना कुठेतरी अडतंय. त्याला मी दिवस-रात्र का होतात ते तोंडी विचारलं. टेबलावरचा पेपरवेट फिरवून त्याने व्यवस्थित समजावून दिलं. लेखी चाचणीत त्याच प्रश्नाला त्याला शून्य होतं.

एवढ्यावरून ‘डिस्लेक्सिया’, म्हणजे बुद्धी असूनही वाचन-लेखनात मुळातच अडतं, असं म्हणून मोकळं व्हायचं नाही. पहिली-दुसरीत ‘भ’ आणि ‘म’ची गल्लत सगळीच पोरं करतात, म्हणून निदानही साधारण आठ वर्षांनंतरच करतात. पण पाचवीतही हे दिसतंय, तोंडी आणि लेखी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, तर तपासायला पाठवायचं थांबायचं कशाला?

शिवाय ही पोरं लपवण्यात पटाईत असतात. शेजारचा वाचतो ते ऐकून धडा पाठ करतात आणि पुस्तक समोर धरून घडाघडा म्हणतात. मधलीच एक ओळ बोट ठेवून वाचायला सांगा, मग कळेल. काहींना वाचनाची पाळी जवळ आली की नेमकी तहान लागते. दंगा करणारा निदान आपल्या नजरेत तरी येतो. गप्प बसणारी मुलगी ‘शहाणी आहे’ म्हणून आठवीपर्यंत सरकत जाते.

गणिताची गोष्ट आणखी निराळी. ‘सदुसष्ट’ ऐकताना आधी सात येतो, मग साठ. लिहिताना मात्र आधी 6. आपल्याला सवयीने काही वाटत नाही, पण ज्याचा मुळातच अंकांशी झगडा आहे तो 76 लिहून मोकळा होतो. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘साठ सात’ अशा पद्धतीचं संख्यावाचन दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला! विनोदांना तर ऊत आला होता. भाषेचं काय ते भाषेच्या जाणकारांनी बघावं. अशा पोराला रोज घेऊन बसणाऱ्या बाईंना मात्र त्या पुस्तकाचा राग आलेला मी पाहिला नाही. शाब्दिक उदाहरण आलं नाही, तर एकदा तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा. तेवढ्याने सुटलं तर अडचण गणिताची नव्हतीच.

प्रत्येक ‘लक्ष नाही’च्या मागे अध्ययन अक्षमताच, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकतानाची अशी मुळातली अडचणच असते असंही नाही. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलाच्या कानात पडद्यामागे पाणी साठू शकतं. या आठवड्यात नीट ऐकतो, पुढच्या आठवड्यात निम्मंच. काही मुलं बोलता-बोलता काही सेकंद शून्यात बघतात, हाकेला ओ देत नाहीत आणि पुन्हा काही न झाल्यासारखी सुरू होतात. दिवसातून अनेकदा. ती फीटही असू शकते आणि तिला औषध आहे. म्हणून आधी कान, डोळे, डॉक्टर, बाकीचं मग.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्याचं पथक शाळेत वर्षातून एकदा येतं. डॉक्टर दात, डोळे, अंगात रक्त कमी आहे का ते बघतात. तुम्ही पुढे केल्याशिवाय त्यांना श्रुतलेखनाची वही कशी दिसणार? पथक येईल त्या दिवशी दोन-चार वह्या काढून ठेवा.

कायदा आता आपल्या बाजूने आहे. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, 2016 च्या कायद्यात 21 झाले आणि त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आली. दहावीला तासामागे वीस मिनिटं जादा वेळ, लेखनिक, कॅल्क्युलेटर अशा सवलती मिळतात. पण पालक अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी धावत येतात ते दहावीच्या वर्षी! तोवर पाच वर्षं निघून गेलेली असतात, आणि प्रमाणपत्राने परीक्षा सोपी होते, वाचता येत नाही. त्यासाठी आवाजापासून अक्षराकडे, एकेका पायरीने, रोज थोडं, असं वेगळं शिकवणं लागतं. वर्गातल्याच पद्धतीची दुप्पट शिकवणी लावली तर पोर दुप्पट कंटाळतं. आणि ‘बाकीच्यांवर अन्याय होतो’ म्हणणाऱ्यांना एकच विचारा: इतिहासाच्या पेपरात इतिहास तपासायचाय की ऱ्हस्व-दीर्घ?

अध्ययन अक्षमतेची चाचणी मुलाच्या भाषेत होते ना, हेही बघा. मराठी माध्यमाच्या पोराला इंग्रजी शब्द वाचायला लावून काय कळणार? मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने मराठीतही अशा चाचण्या तयार केल्या आहेत.

शेवटी तुमच्या हातातलं काम. मुलाला तपासायला पाठवाल तेव्हा शाळेच्या पत्रात ‘अभ्यासात कच्चा’ लिहू नका, त्यातून समोरच्याला काही कळत नाही. ‘जोडाक्षरं गाळतो, रफार विसरतो, उतरवून घेताना चुकत नाही, तोंडी उत्तरं बरोबर देतो’ असं लिहा. सोबत वहीची मूळ पानं जोडा, तारखेसकट. आईने घरी बसून सुबक अक्षरात करून घेतलेली नकोत.